मर्गी शिकलेली सासू

साबेराला आयुष्यात धक्के काही कमी बसले नव्हते, पण सुनेने दिले तसले कुणीच दिले नाहीत. पहिला तर फोनवरच बसला. दुक्महून इम्रान म्हणाला, "अम्मी, मी एक मुलगी पसंत केलीय. हिकडे दवाखान्यात नर्स हाय. आसमाऊ नाव तिचा." साबेरा हरखली. आसमाऊ म्हणजे आपली आसमाच, आपल्यातलीच कुणीतरी, म्हसळ्याची नाहीतर श्रीवर्धनची, फार तर दाभोळची. तिने विचारलं, "कुठल्या गावची रे? कुणाच्या घरातली?" तर पठ्ठ्या म्हणतो, "नायजेरियाची."

हातातला कालथा कढईत पडला. बोंबील करपले, आणि साबेरा ओट्याला टेकून उभी राहिली ती फोन बंद झाला तरी तशीच. दुक्म म्हणजे समुद्राकाठचा उजाड माळ. रिफायनरी, बंदर, क्रेन आणि कंत्राटावर आलेले हजारो बाप्ये. तिथे बाई दृष्टीला पडायची मारामार, आणि आमच्या चिरंजिवांना ती नेमकी तिथेच सापडावी, तीही अख्खी आफ्रिका ओलांडून आलेली! नवरा अलीमियाँ मस्कतला अल मवालेहच्या भाजी मार्केटात कांदेबटाटे विकतो. तो दुपारी जेवायला आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नमाजी हाय ना? मग खलास. निकाह लाव." पुरुषांचं हे असंच. त्यांना एका शब्दात संसार उरकायचा असतो.

इम्रानला दुक्मला एकट्यापुरतीच खोली होती, म्हणून निकाह झाल्यावर आसमा मवालेहच्या घरी सासूसासऱ्यांकडे राहायला आली. दारातून वाकून आत आली, एवढी उंच. आणि आल्या आल्या हिंदी बोलली! तिच्या गावी लहानपणापासून टीव्हीवर हिंदी पिक्चर लागायचे म्हणे. फक्त ती हिंदी पिक्चरचीच होती. मीठ मागायचं तरी "खुदा के वास्ते, थोडा नमक" असं गहिवरून मागायची, की अलीमियाँचा घास हातातच राहायचा.

खोटं कशाला बोला, मुलगी चांगली होती. पहाटे उठायची, नमाज चुकवायची नाही, महिन्याभरात तांदळाची भाकरी हातावर थापायला लागली. साबेराने बोट ठेवावं असं काही सापडत नव्हतं, आणि साबेरासारख्या बाईला ते जास्तच खुपत होतं. एकच गोष्ट होती. रोज दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर आसमा सोफ्याच्या कोपऱ्यात पाय घेऊन बसायची आणि तासभर माहेरी फोन. तोही कुठल्या भाषेत? अरबी नाही, इंग्रजी नाही. "हौसा बोलतेस काय गो?" साबेराने विचारलं, कारण मार्केटातल्या कुणीतरी सांगितलं होतं की नायजेरियात हौसा चालते. आसमा म्हणाली, "नाही अम्मी, मर्गी." हौसाच्या नात्यातली, पण हौसा कोट्यवधी लोकांची आणि मर्गी कॅमेरूनच्या डोंगरांलगतच्या थोड्या गावांची. बाहेर तिचं नावसुद्धा कुणी ऐकलेलं नसतं.

साबेराला हे सहन होईना. माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून ही रोज तासभर कुणाबद्दल बोलते? माझ्याबद्दलच! सून माहेरी फोन करून दुसरं बोलते काय? मी सून होते तेव्हा मी काय बोलायची? तिने ठरवलं की ही भाषा शिकायची. आपली निंदा होतेय तर निदान आपल्याला कळली तरी पाहिजे.

धाकटी मुलगी अमरीन मस्कतमध्येच कॉलेजात शिकते. तिचं मराठी अडखळत चालतं, पण इंटरनेटवर तिचा हात कुणी धरणार नाही. तिने साठ वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या पंडिताने लिहिलेलं मर्गीचं जाडजूड व्याकरण शोधून काढलं. साबेराने डोळे फाडले. एवढ्याशा भाषेवर एवढं मोठं पुस्तक! आमच्या कोकणी बोलीवर कुणी चार पानं तरी लिहिली का?

"अम्मी, शॉकिंग आहे हे," अमरीन वाचता वाचता म्हणाली. "ह्या लँग्वेजमध्ये ना, तो आणि ती असं काही नसतंच. दोघांना एकच वर्ड."

"म्हणजे बाप्या आणि बाई एकच?"

"हो ना."

"या अल्ला! मग कुणाबद्दल बोलतात ते कळतं कसं?"

कळत नाहीच, हे साबेराला लवकरच कळलं. आसमाने शिकवायला आनंदाने होकार दिला. सासूला आपली भाषा शिकायचीय म्हटल्यावर तिचे डोळेच भरून आले, आणि साबेराला क्षणभर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण क्षणभरच. रोज दुपारी भाज्या चिरता चिरता शिकवणी सुरू झाली. एकच क्रियापद घ्यायचं, त्याच्यामागे बारीकसं शेपूट लावायचं की कधी ते बाहेर निघतं, कधी खाली पडतं, कधी पुरतं संपून जातं. स्वर उंच लावला तर एक अर्थ, खाली लावला तर दुसरा. आणि एक अक्षर तर असलं विचित्र, की जीभ टाळूला चिकटवून जिभेच्या दोन्ही बाजूंनी गालांत वारा सोडायचा. साबेरा स्वयंपाकघरात त्याचा सराव करायची तेव्हा अलीमियाँ बाहेरून ओरडायचा, "अगो, कुकर लीक होतोय काय?"

मग एके दिवशी दोघी कौतुकाने थांबल्या. मर्गीत 'आपण' वेगळं आणि 'आम्ही' वेगळं. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर एक शब्द, त्याला बाहेर ठेवून बोलायचं तर दुसरा. आसमा म्हणाली, "इंग्रजीत हे नाही, हौसात नाही, हिंदीत नाही. मला वाटायचं फक्त आमच्यात आहे." साबेरा सुरी खाली ठेवून म्हणाली, "अगो पोरी, आमच्यात हाय की! आपण जेवू म्हटला की तू पण, आम्ही जेवू म्हटला की तू बस उपाशी." दोघी हसल्या. एवढ्या लांबच्या भाषेत आपल्या घरचं भांडं सापडावं तसं साबेराला झालं.

पण शिकायचा हेतू तिने सोडला नव्हता. सहा-सात महिन्यांत फोनवरचं अर्धंमुर्धं समजायला लागलं. एकदा स्पष्ट ऐकलं, "रात्रभर घोरण्याने झोप लागत नाही." पण घोरतो की घोरते? शब्द एकच! साबेराने चार दिवस जीव जाळला आणि शेवटी सगळा आळ अलीमियाँवर टाकून मोकळी झाली.

एवढ्यात आसमाला दिवस गेले, नोकरी आधीच सुटली होती, आणि यथावकाश मुलगा झाला. सकलैन. काळेभोर केस, मुठी आवळलेल्या. साबेरा त्याच्यावरून जीव ओवाळून टाकायची. आणि इथून पुढे जे सुरू झालं त्याला धक्का हा शब्दही अपुरा आहे.

आसमा पोराकडे बघेना.

दूध पाजायची, पण मान भिंतीकडे वळवून. पाजून झालं की अमरीनच्या नाहीतर साबेराच्या हातात द्यायची आणि उठून कपडे धुवायला निघून जायची. पोर रडून रडून जांभळं पडलं तरी कुणी दुसऱ्याने उचलेपर्यंत ही पोळपाट पुसत उभी. लाडाचा शब्द नाही, मुका नाही. वरच्या मजल्यावरची सुचित्रा पुण्याची, नवरा बँकेत, शिकली-सवरलेली बाई. ती म्हणाली, "साबेराभाभी, हे बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असतं. लगेच डॉक्टरकडे न्या." नेलं. डॉक्टरीण तासभर बोलली आणि म्हणाली, मुलगी ठणठणीत आहे, छान हसते, छान जेवते, फक्त लाजाळू आहे. लाजाळू! स्वतःच्या पोराला लाजणारी आई साबेराने जन्मात पाहिली नव्हती.

एकविसाव्या दिवशी अकीका, म्हणजे बाळाच्या नावाचा आणि कुर्बानीचा सोहळा झाला. बायका जमल्या. साबेराच्या सासरी रीत होती की त्या दिवशी आईने बाळाला मांडीवर घ्यायचं आणि सगळ्यांसमोर तीनदा नाव घेऊन हाक मारायची. साबेराने पोर आसमाच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "घे नाव." आसमाची मान खाली. "घे गो पोरी, सगळे वाट बघतायत." आसमाने ओढणी तोंडावर ओढली, पोराला शेजारच्या बाईच्या हातात दिलं आणि ती आतल्या खोलीत पळाली. दाराला आतून कडी.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी "तौबा तौबा" म्हणालं. साबेराचे कान तापले. एवढ्या मंडळींत, आपल्या दारात, आपल्या नातवाला त्याच्या आईने टाकलं!

त्यातच मर्गीने घात केला. दुसऱ्या दिवशी फोनवर आसमा पोराबद्दल बोलत होती, हे साबेराला समजलं. पण ती त्याला मुलगा म्हणेना, बाळ म्हणेना. पाहुणा म्हणत होती. "पाहुणा झोपलाय. पाहुणा दूध पितोय." मग एकदा तर सरळ "तो परका." शिकले नसते तर बरं झालं असतं, असं साबेराला वाटलं. पोटच्या गोळ्याला परका म्हणते ही!

तिने त्याच संध्याकाळी सकलैनचा पाळणा उचलला आणि आपल्या खोलीत आणून ठेवला. आसमाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजपासून हा माझ्याकडे. तुझा काम दुधापुरता." तिला वाटलं होतं आता तरी ही पेटून उठेल, पाळणा हिसकावून घेईल. आसमा दारात उभी होती. तिने गुडघे टेकले, मान लववली आणि म्हणाली, "शुक्रिया, अम्मी."

शुक्रिया! साबेराने इम्रानला फोन लावून सांगितलं, "हिला माहेरी पाठवून दे. दगडाचा काळीज हाय हिचा." इम्रान म्हणाला, "अम्मी, त्यांच्यात जरा लाज जास्त असते, ती मला एकदा बोलली होती." लाज म्हणजे काय, ते त्यानेही विचारलं नव्हतं. बायकोला सोडायचं मात्र त्याने साफ नाकारलं, आणि मायलेकरांत अबोला आला. तेव्हापासून घरात दोन चुली असल्यासारखं झालं. मर्गीची शिकवणी बंद. सकलैन आजीच्या कुशीत झोपायचा, आजीच्या हातचं खायचा, आजीला धरून उभा राहिला, आजीच्या मागे धावायला लागला. साबेरा त्याच्यात इतकी बुडाली की आसमा घरात आहे हेसुद्धा कधी कधी विसरायची.

दूध सुटलं, आणि नेमकी तेव्हाच इम्रानला दुक्मला कुटुंबासाठी घर मिळालं. तो रजेवर आला, खूश होता, सामान बांधायला लागला. साबेरा मधे उभी राहिली. "तुम्ही दोघं जा," ती म्हणाली. "पोर हिथेच राहील. हिच्या हाती मी देणार नाय." इम्रान तांबडालाल झाला. भांडायला तोंड उघडणार एवढ्यात मागून आसमाचा आवाज आला, "हो अम्मी. राहू दे."

इम्रान बायकोकडे बघतच राहिला. आणि साबेरा? जिंकली होती, तरी तिला रात्रभर चैन पडेना. कुठली आई असं चटकन हो म्हणते? मांजरसुद्धा पिल्लू सहजासहजी सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साबेरा सुचित्राबरोबर मार्केटात निघाली. जिना उतरल्यावर आठवलं की पिशव्या घरीच राहिल्या. सुचित्राला खाली थांबवून ती परत वर आली. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आसमाचा आवाज येत होता, मर्गीत. फोन असेल म्हणून साबेराने कान टवकारले. पण हा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. ओला, भरभर, मधेच हसणारा.

ती दबकत पुढे गेली आणि पडद्याशी थिजली. आसमा जमिनीवर मांडी घालून बसली होती. सकलैन तिच्या गळ्यात हात टाकून होता, आणि ती त्याच्या मानेत तोंड खुपसून त्याचे मुके घेत होती, कानाचे, बोटांचे, पावलांचे. आणि पोर बुजत नव्हतं, उलट पुढचं पाऊल स्वतःच पुढे करत होतं. म्हणजे हे आजचं नव्हतं. साबेरा घराबाहेर पडली की हे रोज चालत होतं.

आसमा बोलत होती. "चल, आता पुरे. ती येईल. ती आली की तू तिचा. आम्ही जाणार. तू नाही, आम्ही. जाताना मी तुझ्याकडे बघणार नाही. तुला राग येईल. येऊ दे. मोठा झालास की ये मला बघायला. मी तेव्हाही बोलणार नाही. पण मी असेन."

आपण आणि आम्ही. साबेराला प्रत्येक शब्द कळला. तिच्या तोंडून हुंदका फुटला आणि आसमाने दचकून वर पाहिलं. पाहिलं मात्र, तिने पोराला अंगावरून असं झटकन खाली ठेवलं, की जणू चोरी करताना पकडली गेली. ओढणी तोंडावर. मान भिंतीकडे.

"आसमा," साबेरा म्हणाली, "ह्या काय चाललाय? दीड वर्स तू पोराला हात लावला नायस, आणि आज?"

"माफ करा, अम्मी. तुमच्या माघारी मला राहवत नाही. पुन्हा नाही करणार."

"काय नाय करणार? स्वतःच्या पोराला घेणार नाय? अगो, कुणी मना केलाय तुला?"

आसमाने हळूच ओढणी खाली केली. तिच्या तोंडावर भीती नव्हती, गोंधळ होता. ती तुटक तुटक बोलली, थोडं हिंदीत, थोडं मर्गीत, आणि साबेरा ऐकता ऐकता खाली बसत गेली.

तिच्या आजीच्या घरात पहिल्या मुलाची लाज धरतात. सगळे मर्गी धरतात असं नाही, पण आजीचं घर जुन्या वळणाचं. पहिल्या मुलाचं नाव आईने घ्यायचं नाही, चारचौघांत त्याला कुरवाळायचं नाही, सासूसासऱ्यांपुढे तर त्याच्याकडे बघायचंही नाही. त्याला पाहुणा म्हणायचं, परका म्हणायचं. त्याच्यावर जीव उघडा टाकणं म्हणजे वडीलधाऱ्यांसमोर निर्लज्जपणा. दुसऱ्या मुलापासून सगळं मोकळं. आणि पहिला असतो आजीचा. दूध सुटलं की आजीने त्याला न्यायचं, तो तिचा मान.

"मग हे तू मला सांगितला का नायस?" साबेरा ओरडलीच.

"हे बोलायचं नसतं, अम्मी. आणि मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही कधी अब्बांचं नाव घेत नाही. अमरीनचे अब्बा म्हणता, आवो म्हणता. मला वाटलं, यांच्यातही अशी लाज आहे, मग पहिल्या मुलाची पण असेल. अकीक्याच्या दिवशी तुम्ही नाव घ्यायला सांगितलंत तेव्हा मी घाबरले. मला वाटलं, माझी परीक्षा बघतायत. आणि मग तुम्ही पाळणाच उचलून नेलात. दूध सुटायच्याही आधी! मी त्याच दिवशी घरी कळवलं, की माझ्या सासूला सगळी रीत ठाऊक आहे, तिने माझ्या मुलाला माझ्यापेक्षा मोठा मान दिला. आमच्या गावात सगळ्या बायका तुमच्यासाठी दुवा मागतात."

साबेराने कपाळाला हात लावला. जिच्यापासून शिक्षा म्हणून पोर तोडून घेतलं, तिने त्याबद्दल दुवा पाठवल्या होत्या! दगडाचं काळीज म्हणाली होती ती. कुणाचं? ती लाजेने लाल झाली.

मग काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "आणि तुझ्या आईला काय वाटला? तू रोज बोलतेस ना तिच्याशी, तासभर?"

"आईशी नाही, अम्मी. आजीशी. मी आईची पहिली ना. मी आजीकडे वाढले. आई फोनच्या शेजारी बसून ऐकते."

"आणि बोलत नाय?"

"माझ्याशी कशी बोलेल? तिने मला अजून नावाने हाक मारलेली नाही. मी म्हणून तर तासभर बोलते. तेवढीच ती बसते."

इकडे साबेरा स्वतः कान लावून बसायची, आपली निंदा ऐकायला. आणि तिकडे फोनच्या दुसऱ्या टोकाला एक बाई रोज कान लावून बसत होती, लेकीचा नुसता आवाज ऐकायला. दोघींच्या मधे ही पोर, भाजीला काय केलं, कोण घोरतं, असलं काहीबाही बोलत होती, वेळ लांबवायला. साबेराला रडू आवरेना. खालून सुचित्रा हाका मारत होती, तिला ओ द्यायचं भानही राहिलं नाही.

आता खरं सांगायचं तर साबेराने मग तोंड शिवलं, आणि त्यात तिचा लोभ होता. काही न बोललं की पोर आपलं! भांडण नाही, तंटा नाही, सून स्वतः हाताने देतेय, वर मान देतेय. सकलैन तिच्या कुशीत झोपायचा तेव्हा तिला वाटायचं, ही मर्गी लोकांची रीत काही वाईट नाही. पण डोळा लागला की ती फोनशेजारची बाई दिसायची. ओठ मिटून बसलेली. आणि तिचं तोंड हळूहळू आसमाचं व्हायचं.

बरं, परत द्यावं म्हटलं तर तेही सोपं नव्हतं. आजीने पहिला मुलगा परत केला म्हणजे नाकारला. आसमाला भर गावात खाली बघायला लावल्यासारखं. आणि दिला तरी ही त्याला दुक्मलाही चोरूनच जवळ घेणार, कुणी बघत नाही ना बघून. साबेराने एक दिवस भाजी निवडता निवडता सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गो, तुमच्यात धाकट्या दिराची पण लाज धरतात काय?"

आसमा कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. "नाही अम्मी! त्याची तर चेष्टा करतात. त्याला नावाने हाका मारतात, चापट्या मारतात, कान पिळतात. त्याच्याशी कसली लाज?"

साबेराने निवडलेली मेथी तशीच टाकली आणि अलीमियाँला गाठायला मार्केटात गेली. अलीमियाँने ऐकलं आणि कांद्याच्या गोणीवर बसला. "अगो, डोसकी फिरली काय तुझी? बाप बदलता येतो काय कुणाचा? गुनाह हाय."

"कागदावर बाप इम्रानच राहणार. अल्लाला ठाऊकच हाय कोण कुणाचा. मी फक्त बोलण्यापुरता म्हणतेय. तुम्ही मान हलवा, बाकी मी बघते."

अलीमियाँने मान हलवली. लग्नापासून तो दुसरं काय करत आलाय?

जायच्या दिवशी गाडी खाली उभी होती. सामान चढलं. सुचित्रा निरोप द्यायला आली होती. अमरीन डोळे पुसत होती. इम्रान आईशी धड बोलत नव्हता. आसमा दाराशी उभी, नजर फरशीला, सकलैनकडे पाठ. साबेराने सकलैनला कडेवर घेतलं आणि दिवाणखान्याच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"आसमा, हिकडे बघ. ह्या पोर कुणाचा?"

"तुमचा, अम्मी."

"सगळ्यांनी ऐकला ना? माझा. मीच ह्याची आई, आणि हे ह्याचे अब्बा. इम्रान, हा तुझा धाकटा भाऊ." इम्रानचा जबडा खाली आला. सुचित्राने तोंडावर हात ठेवला. साबेरा थांबायला तयार नव्हती. "आता माझ्या पोराचा काय करायचा ते मी ठरवणार. मी म्हातारी झाले, माझ्याच्यान ह्याच्या मागे धावणा होत नाय. हा आपल्या भावाकडे राहील, दुक्मला. आसमा, हा तुझा दीर. माझा पोर तुझ्या हवाली करतेय. नीट सांभाळ. खोड्या केल्यान तर कान पीळ."

मग तिने तेच सगळं मर्गीत म्हटलं, मोडक्यातोडक्या, गालांतून वारा सोडत, स्वर चुकवत. आणि शेवटी म्हणाली, "आपण सगळे एक घर. आम्ही आणि तुम्ही नाही. आपण."

आसमाचा चेहरा असा झाला की साबेरा घाबरली. आपण काहीतरी भलतंच केलं, तिच्या लोकांचा अपमान केला, असं साबेराला वाटलं. आसमा एक पाऊल पुढे आली. हात पुढे केले, मागे घेतले. मग साबेराच्या कडेवरून तिने पोराला काढून घेतलं, सगळ्यांच्या देखत, सासऱ्याच्या देखत, आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. भर उजेडात, डोळ्यांत डोळे घालून.

"सकलैन," ती म्हणाली.

आवाज घोगरा निघाला. पोर दचकून तिच्याकडे बघायला लागलं. तिच्या तोंडून ते नाव त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

"सकलैन. सकलैन! ए सकलैन, भाभीला मुका दे."

सुचित्रा रडायला लागली. इम्रान भिंतीकडे तोंड करून उभा होता, आणि त्याचे खांदे हलत होते. पोराने मुका दिला, आणि भाभीने त्याचा कान पिळला, अगदी हलका. मग ती जिना उतरत गेली तशी खालपर्यंत तिची बडबड ऐकू येत राहिली. सकलैन, चप्पल घाल. सकलैन, हात सोडू नको. सकलैन, अम्मीला सलाम कर. नाव घ्यायला काही कारणच लागत नव्हतं तिला.

साबेरा गॅलरीतून बघत होती. गाडी वळली, दिसेनाशी झाली. ती आत आली, पाळण्याशी गेली आणि तिथेच जमिनीवर बसून हमसून हमसून रडायला लागली. अलीमियाँ घाबरा झाला.

"अगो, आता कशाला रडतेस? तूच तर दिलास ना?"

"मग रडू नको तर काय करू?" साबेरा म्हणाली. "माझा एवढासा पोर आज परगावी गेला."